वहिनी, ती कळ मी दाबली होती

वहिनी,

परवा धारला आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात तुमच्यासाठी शोकसभा झाली. तुमच्या मेधानं फोटो छान निवडला होता, तुमच्या निवृत्तीच्या दिवशीचा, शाळेच्या व्हरांड्यातला. त्यात तुम्ही फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावताय असं दिसतं. लोक बरे जमले होते, देवासहूनही दहा-बारा जण आले होते. अध्यक्ष बोलले ते मनापासून बोलले. तुमचं शिकवणं, तुमची शिस्त, म्हाताऱ्या बायकांच्या दारोदार जाऊन तुम्ही जमवलेल्या ओव्या, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "ती सगळी ध्वनिमुद्रणं हातची गेली, तेवढं एक गालबोट सोडलं, तर सुनंदाताईंच्या कामाला तोड नाही."

दोन-चार माना हलल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. मी उठलो नाही. मौन पाळायला सगळे उभे राहिले तेव्हा उभा राहिलो, तेवढाच.

ते गालबोट तुमचं नाही, माझं आहे. मला ते गेली तीन वर्षं माहीत आहे. मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर काही लिहून द्या, असं अध्यक्षांनी सभेनंतर मला सांगितलं. धाकटा दीर म्हणून सांगितलं असणार. मी म्हटलं, लिहितो, पण एक ओळही न कापता छापायचं. थोडक्यात काय लिहिणार आहे तेही सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, आता या वयात कशाला?" या वयात नाही तर कधी?

तुम्ही लग्न होऊन साताऱ्याहून धारला आलात तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि मला मराठी येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मी म्हणालो, "वहिनी, मी बाजार जाऊन येतो." तुम्ही म्हणालात, "बाजारात, भावजी. बाजारात." पुढे मी रेल्वेत लागलो, स्टेशनमास्तर झालो, देवासला घर केलं, तरी तुमचं तपासणं चालूच होतं. माझ्या तोंडून हिंदी वळणाचं काही निसटलं की तुम्ही विचारायचात, "प्रत्यय कुठल्या स्टेशनवर उतरला हो, मास्तर?" दादा हसायचा. आणि तीस वर्षांनी त्याच तुम्ही भाजीवाल्याला "ओ भिया, ये गिलकी तो देखो, सूख गई" म्हणताना मी ऐकलं तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "पाहू नका असे. ते हिंदी आहे, आणि शुद्ध आहे."

दादा गेल्यावर वर्षभरानं तुम्ही तो काडेपेटीएवढा ध्वनिमुद्रक घेतलात. मंगळागौरीला चारचौघींत म्हणतात त्या ओव्या तुम्हाला नकोच होत्या. तुम्हाला हव्या होत्या त्या बायकांनी एकट्यानं म्हटलेल्या, सासू-नणंदेबद्दलच्या, नवऱ्याबद्दलच्या, माहेर तुटल्याच्या. शंभर वर्षांपूर्वीचं मराठी त्यांत तसंच राहिलेलं आणि मध्येच एखादा माळवी शब्द हात धरून आलेला. मी तुमच्याबरोबर यायचो, पण घरात शिरायची मला बंदी. पुरुष समोर असला की बायका आरत्याच म्हणतात, असं तुमचं म्हणणं. मी बाहेर ओट्यावर बसून घरच्या पुरुषांबरोबर चहा प्यायचो आणि आतून दार लावल्याचा आवाज आला की समजायचो, सुरू झालं.

सतरा बायका गायल्या. प्रत्येकीनं एकच अट घातली, सुनंदा, हे घराबाहेर जायला नको. तुम्ही प्रत्येकीला शब्द दिलात.

तुमची स्वतःचीही एक ओवी त्यात होती. ती तुम्ही मला मुद्दाम म्हणून दाखवली होती, म्हणून ती इथे लिहायला हरकत नसावी:

नर्मदेच्या अल्याड दिली, पल्याड राहिली आई,
हाक मारी सारं गाव, माझ्या नावाची ती नाही.

म्हणून झाल्यावर म्हणालात, "तुमच्या दादांना कधी ऐकवली नाही. त्यांना वाटलं असतं मी इथे सुखी नव्हते." मी विचारलं, "होतात का?" तुम्ही म्हणालात, "होते की. पण सुखावर कोण ओवी रचतं?"

मग तो प्रकार झाला. कुणीतरी कौतुकानं तुमच्याकडून एका कार्यक्रमासाठी पेन ड्राइव्हवर दोन-तीन निरुपद्रवी पाळणे मागून घेतले. त्यांत चुकून सोनकच्छच्या ताराकाकूंची ओवी गेली. काकू आपल्यापेक्षा वयानं आठ-दहा वर्षांनीच मोठ्या, पण नात्यानं काकू. महिन्याभरात ती ओवी मोबाइलवर फिरू लागली, मागे ढोलक घातलेली आणि वर सूर्यास्ताचं चित्र. ओवी होती नणंदेवर. नणंदेचं नाव त्यात होतं. ती नणंद गेली, पण तिची नातवंडं आहेत, त्यांना मोबाइल आहेत. काकूंचा फोन आला तेव्हा मी तुमच्या स्वयंपाकघरात होतो. फोनमधला आवाज मला ऐकू येत होता: "सुनंदा, तू म्हणाली होतीस." एवढंच त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या.

त्यानंतर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. आणि मी तुमच्यासाठी उपाय शोधायला निघालो.

आपल्या लोकांत माझी ख्याती अशी की मास्तरांना संगणक येतो. आरक्षणाचे संगणक आमच्याकडे आले तेव्हा मी कामावर होतो, एवढ्यावर ती ख्याती उभी. इंदूरला एक माणूस भेटला, तो गाणी-चित्रपट कुलूपबंद करून देणारी प्रणाली विकत असे. त्यानं मला समजावलं ते मी तुम्हाला मांडूला समजावलं. आठवतं? मेधाच्या मुलांना महाल दाखवायला गेलो होतो, तुमचे गुडघे दुखत होते म्हणून आपण दोघं खालीच एका टपरीवर भुट्ट्याचा कीस खात बसलो होतो.

मी म्हणालो, "हल्लीच्या संगणकात बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. ट्रस्टेड म्हणतात त्याला. भरवशाचं यंत्र."

"कुणाचा कुणावर भरवसा, भावजी?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाक्यात कर्ता कोण? तुमचा प्रत्यय पुन्हा उतरला."

मी सांगितलं की ती चिप आपल्या पोटात एक किल्ली तयार करते आणि ती किल्ली कधीच बाहेर काढत नाही. गाणी त्या किल्लीनं बंद होतात. यंत्र तेच आहे, आत कुणी फेरफार केलेला नाही, याची चिप आधी खात्री करून घेते, मगच गाणं वाजू देते. कुणी नक्कल करून नेली तरी दुसऱ्या यंत्रावर ती नुसती खरखर.

"मलाही ती किल्ली दिसणार नाही?"

"कुणालाच नाही."

"पेटी माझी, घर माझं, बायकांनी गाणी सोपवली माझ्यावर. आणि किल्ली पेटीच्या पोटात?"

"तेच तर! तुम्ही भोळ्या. कुणी हात पसरला की द्याल. चिप देणार नाही."

"म्हणजे तिचा माझ्यावर भरवसा नाही."

"तिचा नसू दे. ताराकाकूंचा तिच्यावर बसेल."

तुम्ही कीस खायच्या थांबलात. मी तो वाद जिंकलो तो काकूंचं नाव घेऊन जिंकलो, मुद्द्यावर नाही. तुमचा मुद्दा अगदी साधा होता. जे कुलूप मालकालाही परका समजतं, ते एक दिवस मालकालाच बाहेर ठेवेल. हा वाद आपण पुढे कधी पुरा केला नाही. आज मी तो पुरा करतो: तुम्ही बरोबर होतात.

पण अर्ध्यातच बरोबर होतात, हेही लिहितो, नाहीतर तुम्हीच म्हणाल की मास्तर मेलेल्या माणसाची खुशामत करतात. त्या कुलपामुळे तुमचा शब्द खरा राहिला. त्यानंतर एकही ओवी बाहेर गेली नाही. काकूंचा राग निवला, आणि आधी नाही म्हणालेल्या सहा बायका कुलपाचं ऐकून गायला तयार झाल्या. तुम्ही त्यांना चिपचं चित्र काढून दाखवायचात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं, आणि सांगायचात, "ही आमची पहारेकरीण." तेव्हा चिपला दोष द्यायला मी बसलेलो नाही. तिला जे सांगितलं ते तिनं केलं.

तुमच्या संगणकातल्या गाण्यांना कुलूप लावायच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "एक प्रत उघडी राहू द्या. देवासला, तुमच्या कपाटात."

मी म्हणालो, "उघडी प्रत ठेवायची तर कुलूप कशाला?"

प्रणालीनं विचारलं होतं, अडीअडचणीसाठी एक वेगळी किल्ली छापून ठेवायची का? मी तुम्हाला न विचारता 'नाही' म्हटलं. ध्वनिमुद्रकाची सगळी कार्डं तुमच्यादेखत पुसली. मला अभिमान वाटला होता त्याचा. आता आपण बायकांना शपथेवर सांगू शकतो, असं मी म्हणालो. तुम्ही रिकामी कार्डं एका डबीत ठेवलीत. फेकली नाहीत.

पुढचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. आता पुरं ऐका.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी धारला वीज फार जाऊ-येऊ लागली होती. एक दिवस तुमचा फोन आला की गाणी वाजत नाहीत, पडद्यावर काहीतरी चिपचं लिहून येतं. मी बसनं इंदूरमार्गे धारला आलो. चिप तयार नाही, असा संदेश होता. मी सेटिंगमध्ये शिरलो, शोधत शोधत चिपच्या पानावर आलो, तिथे दुरुस्तीच्या सदरात एक बटण होतं. त्यावर 'क्लिअर' लिहिलेलं. मी दाबलं. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत पाच-सहा ओळी आल्या. वाचायचा चष्मा मी बसमध्ये विसरलो होतो. पहिली ओळ डोळे बारीक करून वाचली. क्लिअर करायचं असेल तर ही कळ, नाकारायचं असेल तर ती.

वहिनी, दुसऱ्या कुणाला हे पटणार नाही, पण तुम्हाला पटेल. छत्तीस वर्षं मी दिवसातून कितीदा तो शब्द ऐकला आणि बोललो. पुढच्या स्टेशनला विचारायचं, गाडी पाठवू का? तिकडून उत्तर येतं, लाइन क्लिअर. म्हणजे वाट मोकळी आहे, सोडा गाडी. क्लिअर मिळालं नाही तर गाडी उभी. माझ्या हाडात हा शब्द असाच बसलेला. क्लिअर म्हणजे हो, क्लिअर म्हणजे पुढे जा. आणि समोर यंत्र मला विचारत होतं, क्लिअर देताय की नाकारताय? स्टेशनमास्तर नाकारेल कशाला? मी कळ दाबली.

खालच्या ओळींत लिहिलं होतं की चिपमधल्या सगळ्या किल्ल्या पुसल्या जातील आणि त्यांनी बंद केलेलं काहीही पुन्हा उघडणार नाही. त्या ओळी मी वाचल्या नाहीत.

तुम्ही पोहे घेऊन आलात, वर शेव आणि जीरावन मसाला. "झालं का?"

मी म्हणालो, "झालं. लाइन क्लिअर."

यंत्र छान सुरू झालं. चिप तयार आहे असंही दिसलं. आणि गाणी उघडायला गेलो तर संदेश आला, या यंत्रावर ही गाणी वाजवायची परवानगी नाही. ज्या यंत्रावर ती पहिल्या दिवसापासून होती, त्याच यंत्रावर. मी बराच वेळ खटपट केली. मग म्हणालो की देवासला जाऊन बघतो, काहीतरी किरकोळ असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदूरच्या त्या माणसाला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, क्लिअर तो नहीं किया?"

मी म्हणालो, "किया."

तो म्हणाला, "फिर तो गया, सर. चाबी उसी में थी। प्लग निकालके दस मिनट छोड़ देते, बस, चिप अपने-आप उठ जाती।"

म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला सगळं माहीत होतं. मी तुम्हाला फोन केला नाही. तुमचे आले, ते उचलले नाहीत. आठ दिवस वाट पाहून तुम्ही शेवटी बसस्टँडजवळच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलंत. त्यानं यंत्र उघडून पाहिलं आणि सांगितलं, "मैडम, मशीन तो एकदम बढ़िया है. गाने नहीं खुलेंगे." तो यायच्या आठ दिवस आधी गाणी गेलेली होती.

मग मंडळाची बैठक. बायकांच्या घरून विचारणा येत होती, अध्यक्षांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी मला विचारलं, मास्तर, हे झालं कसं? आणि मी म्हणालो, "मध्ये वहिनींनी कुणा दुकानदाराला यंत्र दाखवलं होतं, असं कळतं."

या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. कर्ता, कर्म, प्रत्यय, सगळं जागेवर. आयुष्यात मी इतकं शुद्ध वाक्य बोललो नसेन.

सगळे तुमच्याकडे वळले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाकडे शिक्षिका पाहते तसं, पण मुख्याध्यापकांकडे नेणाऱ्या शिक्षिकेसारखं नाही. मग तुम्ही अध्यक्षांना म्हणालात, "हो. दाखवलं होतं."

सभागृहापासून रिक्षापर्यंत आपण बरोबर चालत आलो. तुम्ही विचारलंत, "भावजी, काही सांगायचंय का?"

"नाही, कुठे काय."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि उद्या एकादशी, साबुदाणा भिजवायला हवा, असं काहीतरी बोललात.

तुम्हाला किती कळलं होतं, हे मी तीन वर्षं स्वतःला विचारतो आहे. दुकानदार यायच्या आधीच गाणी बंद होती, हे तर तुम्हाला पक्कं माहीत होतं, कारण ती बंद झाली तेव्हा तुम्ही पोह्यांची बशी घेऊन माझ्या शेजारी उभ्या होतात. तरी 'हो' म्हणालात. ते माझ्यासाठी म्हणालात, की घरातलं भांडण चारचौघांत नको म्हणून, की नुसता कंटाळा आला म्हणून, मला ठाऊक नाही. तुमचे आभार मानावेत असं वाटतं, आणि मानवत नाहीत. आभार मानायला गेलो तर माझा भेकडपणा तुमच्या मोठेपणाच्या पदराआड जाऊन बसेल. म्हणून आधी कबुली. आभार मग कधीतरी.

पुढे जे झालं ते तुम्हीच सोसलंत. एका बाईच्या मुलीनं तुम्हाला फोनवर सांगितलं, आईचा आवाज तेवढाच उरला होता, तोही तुम्ही सांभाळला नाहीत. तुम्ही ऐकून घेतलंत. देवासच्या एका लग्नात ताराकाकू बसल्या होत्या, तुम्ही कुंकवाची कोयरी घेऊन त्यांच्यापर्यंत गेलात; दादा गेल्यावरही तुम्ही ते सोडलं नव्हतं आणि आपल्यात कुणी हरकत घेतली नव्हती. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. तुम्ही क्षणभर थांबून पुढच्या बाईकडे वळलात. मी दहा पावलांवर जिलबीचं ताट घेऊन उभा होतो. ते ताट मी खाली ठेवलंही नाही.

आणि माझ्याशी तुम्ही एक दिवसही तुटक वागला नाहीत. दिवाळीला अनारसे आले. वाढदिवसाला फोन आला. आणि ते दुसरे फोन! तुम्ही आठवून आठवून ओव्या वहीत उतरवायला घेतल्या होत्या. दुपारी कधीही फोन यायचा, "भावजी, काकूंच्या त्या ओवीत पहिल्या ओळीनंतर काय होतं हो? तुम्ही ती ऐकली होतीत." मला आठवायचं, मी सांगायचो. तुम्ही खूश व्हायचात, "वा, मास्तर! वजनासकट आठवलंत." फोन ठेवल्यावर मी तसाच बसून राहायचो. ती ओवी मी इथे लिहीत नाही. तुम्ही दिलेला शब्द अजून शब्दच आहे. मेधा सांगते, वहीत अठ्ठावीस ओव्या झाल्या. दीडशेच्या वर होत्या. आणि वहीला आवाज नसतो, हे तुम्हीच म्हणाला होतात. मेधाच्या मुलांना तर ती धड वाचताही येत नाही, त्यांना मराठी शब्द लावत लावत वाचावे लागतात.

शेवटच्या भेटीला मी ठरवून आलो होतो. बसमध्ये वाक्यंही तयार केली होती. तुम्ही खिडकीशी पलंगावर होतात, हात फार बारीक झाले होते. मी सुरुवात केली, "वहिनी, त्या मशीनचं..."

"मशीनचं राहू द्या हो," तुम्ही म्हणालात. "मेधा, काकांना चहा."

मी चहा घेतला. तुम्ही मला माफ केलंत, असा मी त्याचा अर्थ लावला, कारण तो माझ्या सोयीचा होता. तुम्ही फक्त थकलेल्या असाल. मी दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. तिसऱ्यांदा. तुम्ही हात वर करून थांबवलं असतं तरीही. सोळा दिवसांनी तुम्ही गेलात.

शोकसभेच्या संध्याकाळी मी मेधाला सगळं सांगितलं. ती तुमच्यासारखी नाही, तिला राग येतो आणि तो दिसतो. ती म्हणाली, "काका, आई शेवटचा महिनाभर ताराकाकूंना फोन लावत होती. रोज. उधर से कोई बोलता था, सो रही हैं. तुम्ही एकदा बोलला असतात तर?"

मी म्हणालो, "चुकलो, मेधा."

"मला काय सांगता? जिनको बताना है, उनको बताओ."

म्हणून काल सकाळी देवासहून बस धरून सोनकच्छला गेलो. तेवीस घरं आहेत, पहिलं काकूंचं घेतलं. काकू आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. अंगणात बाजेवर बसल्या होत्या. ऐकू अगदी कमी येतं. मी खाली बसून हळू आवाजात सुरुवात केली.

"काय म्हणतोस?"

"गाणी वहिनींनी नाही घालवली, काकू."

"कोण नाही आली?"

शेवटी मी ओरडून सांगितलं. "मशीन मी बिघडवली! मी! सुनंदावहिनींनी नाही!" शेजारच्या अंगणात गहू निवडणाऱ्या दोघी थांबून पाहू लागल्या. काकूंची सून दारात येऊन उभी राहिली. मला तीनदा सांगावं लागलं, प्रत्येक वेळी आणखी मोठ्यानं. कदाचित हे असंच व्हायला हवं होतं.

काकूंना कळलं. त्या म्हणाल्या, "मग ती 'हो' का म्हणाली?"

"मला वाचवायला, बहुतेक."

"आणि तू वाचलास."

"हो."

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस ना गं? फोन यायचा तिचा." मग मला म्हणाल्या, "मी तिच्या हातचं कुंकू घेतलं नाही रे. माझी तिची पन्नास वर्षांची ओळख. आता मी कुणाला फोन लावू?"

माझं खोटं माझ्यापुरतं आहे, असं मी तीन वर्षं धरून चाललो होतो. ते या अंगणात येऊन राहिलेलं होतं. काकूंच्या हातून त्यानं जे करवलं, ते आता त्यांना परत करता येणार नाही, आणि मलाही.

निघताना मी अंकातल्या लेखाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. "तू लिहितोयस ना तिला? अंकात का कशात? मग माझं पण घाल त्यात. मी सांगते तसंच लिही." खिशात बसचं तिकीट होतं, त्याच्या पाठीवर लिहून घेतलं. आपल्या जुन्या पत्रांत लिहायच्या तसा मायना त्यांनी आधी सांगितला, मग बाकीचं सांगितलं. जसं सांगितलं तसं देतो:

'चिरंजीव सुनंदा हीस ताराकाकूचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे फोन आले तेव्हा मी झोपले नव्हते. जागी होते.'

एवढंच. हे लिहायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली, ते मी वर लिहिलं आहे.